सासूबाईंचा हज, मेहरम आणि ७७ किलोमीटर

खाडीकाठ

सलाम आणि नमस्कार. धागा काढू की नको यात दोन आठवडे गेले. काल रात्री सासूबाईंचा फोन झाला आणि ठरवलं, विचारूनच टाकते.

सासूबाई परभणीला असतात. वय ६१. सासऱ्यांना जाऊन सहा वर्षं झाली. हजसाठी त्यांनी पैसा पैसा जोडलाय. शिलाईचे पैसे, पुढच्या खोलीचं भाडं, सासऱ्यांच्या फंडातलं उरलेलं. एका माणसाचा हज होईल एवढे झालेत, दोघांचा होणार नाही. माझ्या नवऱ्याची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टर त्याला एवढं चालायला सोडत नाहीत. धाकटे दीर रिक्षा चालवतात. चाळीस दिवस रिक्षा उभी राहिली तर घर कसं चालायचं? सासूबाईंना एकच भाऊ होता, तोही गेला.

गल्लीतल्या तिघी बायका मेहरमशिवायच्या गटातून फॉर्म भरतायत. चौथ्या म्हणून त्यांनी सासूबाईंना विचारलं. दीर म्हणाले, जायज नाही. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या इमाम साहेबांनीही तेच सांगितलं.

काल सासूबाई मला म्हणाल्या, "तुझी पोरगी रात्रभर गाडीत एकटी बसून पुण्याहून माझ्याकडे येते, तेव्हा घरात कुणी मसला काढला नाही. मी अल्लाच्या घराकडं निघाले तर सगळ्यांना मसला आठवला." मला उत्तर देता आलं नाही.

माझं माहेर बाणकोट खाडीच्या काठचं. आम्ही शाफई, सासर हनफी, म्हणजे सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी दोन. लग्नाला २४ वर्षं झाली, पण हा फरक नमाजेत हात कुठे बांधायचे याच्या पुढे कधी गेला नव्हता. माझ्या नानीची आई गावातल्या बायकांच्या सोबतीनं मुंबईच्या गोदीतून जहाजानं हजला गेली होती. नवरा बोटीवर खलाशी, मुलगे लहान. त्यावर कुणी काही बोलल्याचं आमच्या घरात ऐकिवात नाही.

मला नुसती परवानगी नकोय. परवानगी सरकारनं दिलीच आहे. सासूबाईंनी तिथे पोहोचल्यावर तवाफ (काब्याभोवतीच्या फेऱ्या) करताना मनात "मी गुनाह करून आलेय का" हा काटा असू नये, एवढंच मला हवंय. जाणकारांनी दोन्ही बाजू नीट सांगाव्यात. कुणाच्या धर्माची थट्टा होईल असं काही लिहू नये, ही विनंती.

शेवंता

आधी एक अडाणी प्रश्न. मेहरम म्हणजे नक्की कोण? घरातला कुठलाही पुरुष चालतो का? दीर, चुलतभाऊ?

खाडीकाठ

अडाणी नाही, आमच्यातही अनेकांना पक्कं माहीत नसतं. नवरा, किंवा ज्याच्याशी आयुष्यात कधीही निकाह होऊ शकत नाही असा पुरुष: बाप, भाऊ, मुलगा, नातू, भाचा, पुतण्या, काका, मामा, सासरा, जावई. दीर नाही (माझे दीर सासूबाईंचे मुलगेच, म्हणून त्यांच्यासाठी मेहरम). चुलत, मावस, मामे भाऊही नाहीत, कारण त्यांच्याशी निकाह होऊ शकतो.

तालिब_इल्म

वालेकुम अस्सलाम. मी हनफी मदरशात शिकलोय, त्यामुळे आमची बाजू मी मांडतो. भगिनी, इमाम साहेबांना चूक ठरवायच्या आधी त्यांच्या बोलण्याचा पाया बघा.

हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत आहेत. अल्ला आणि आखिरतवर ईमान असलेल्या स्त्रीनं मेहरमशिवाय सफर करू नये. इब्ने उमर यांच्या रिवायतीत तीन दिवसांचा सफर आहे, अबू सईद खुदरी यांच्याकडे दोन दिवसांचा, अबू हुरैरा यांच्याकडे एक दिवस-एक रात्रीचा. हनफी फिकहनं (धर्मशास्त्रानं) तीन दिवसांची मर्यादा धरली. उंटाच्या किंवा पायी चालीच्या तीन मजला म्हणजे ४८ मैल, आजचे साधारण ७७ किलोमीटर. प्रवासात नमाज कसर, म्हणजे आखूड, करायचं अंतरही तेच. म्हणून परभणीहून जिंतूरला बाई एकटी गेली तर प्रश्न नाही, औरंगाबादला जायचं तर आहे. मक्केचं तर विचारायलाच नको.

हजबद्दल तर वेगळी हदीस आहे. इब्ने अब्बास सांगतात, एक जण उठून म्हणाला, "या रसूलल्लाह, माझं नाव अमुक लढाईसाठी लिहिलं गेलंय आणि माझी बायको हजला निघालीय." हुजूर (पैगंबर) म्हणाले, "जा, बायकोबरोबर हज कर." लढाईवर नाव लागलेला माणूस परत पाठवला! याहून मोठी ताकीद कुठली?

आणखी एक गोष्ट सासूबाईंना जरूर सांगा, त्यांच्या मनावरचं ओझं कमी होईल. कुराणात हज फर्ज (बंधनकारक) आहे तो "तिथवर पोहोचायची ताकद असेल त्याच्यावर" (आले इमरान, आयत ९७). मेहरम नसेल तर ती ताकद पुरी झाली नाही असं आमचे इमाम म्हणतात. न गेल्याचा गुनाह त्यांच्यावर नाही. त्यांनी हज-ए-बदलची (आपल्या वतीनं दुसऱ्यानं हज करण्याची) वसीयत करून ठेवावी.

दर्यावर्दी

तालिब_इल्म, तुमचं लिखाण स्वच्छ आहे. पण अर्धंच आहे, म्हणून म्हाताऱ्याला टाइप करावं लागतंय.

मी दाभोळकडचा, वय ७४. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. अरबांची जहाजं आमच्या खाड्यांत यायची, फिकहही त्यांच्याबरोबर आलं. खाली केरळात मोपल्यांकडेही हेच. इमाम नववींनी शाफई मत लिहून ठेवलंय: बाईवर हज फर्ज व्हायला सोबत नवरा हवा, किंवा मेहरम हवा, किंवा भरवशाच्या बायका हव्यात. तिसरा पर्याय कुणी आज चिकटवलेला नाही. नववी तेराव्या शतकातले. मालिकी लोकही फर्ज हजसाठी भरवशाचा काफिला पुरेसा धरतात. म्हणजे चार इमामांपैकी दोघांनी फर्ज हजसाठी वाट उघडी ठेवलीय.

भारत सरकारनं २०१८ च्या हजपासून ४५ वर्षांवरच्या बायकांना चार-चारच्या गटानं मेहरमशिवाय जायची मुभा दिली. त्यात केरळच्या बायका सगळ्यांत जास्त होत्या, ते उगाच नाही. त्यांच्या घरात हा मसला आधीच सुटलेला होता, अडकला होता फक्त कागदावर.

आमच्या गावचे निम्मे पुरुष बोटीवर, उरलेले कुवेत-दुबईत. बायकांनीच कोर्टकचेरी केली, मुंबईला जाऊन ड्राफ्ट वटवले, पोरं बोर्डिंगात घातली. मेहरम दीड-दोन वर्षांनी एकदा घरी यायचा. त्याची वाट बघत बसल्या असत्या तर घरं उभी राहिली नसती.

तालिब_इल्म

चाचा, आदर राखून एक दुरुस्ती. शाफईंची ही सवलत फर्ज हजपुरती आहे. दुसरा हज, नफली (ऐच्छिक) उमरा, फिरायला जाणं, यासाठी त्यांच्या जुन्या किताबांतही नुसत्या बायकांची सोबत बहुतेकांनी पुरेशी धरलेली नाही. आज लोक "शाफईत चालतं" म्हणून सहलीच्या बसमध्ये बसतात, ते बरोबर नाही.

दर्यावर्दी

मान्य. बहुतेकांनी नाही, काहींनी धरलीय. पण खाडीकाठच्या सासूबाईंचा हज पहिला आहे, फर्ज आहे. तेवढ्यापुरतं तरी आपण एका बोटीत बसू.

खाडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. इब्ने अब्बासांची ती हदीस मी लहानपणापासून ऐकलीय, पण आज तुमच्या प्रतिसादात वाचताना थबकले. त्या माणसाचं नाव लढाईच्या यादीत होतं. हुजूरांनी बायकोला परत बोलवा म्हटलं नाही, नवऱ्याला यादीतून मोकळं केलं. म्हणजे ती निघालीच होती आणि तिचा हज अडवायचा विचार कुणाच्याही मनात आला नाही. मोकळीक मिळाली ती पुरुषाला, तीही जंगेतून. माझ्या दिराला आज चाळीस दिवस कोण मोकळं करणार? त्याच्या रिक्षाचा हप्ता कोण भरणार? सोबत देणं पुरुषाची जबाबदारी म्हणून सुरू झालं आणि आमच्या घरापर्यंत येईतो ती बाईसाठी मनाई झाली. माझं चुकत असेल तर सांगा.

तालिब_इल्म

चुकत नाही. हे जमातीच्या विचार करण्यासारखं आहे. हनफी किताबांत मेहरमचा खर्चही बाईनंच उचलायचा आहे, म्हणून गरीब विधवेसाठी दार दोनदा बंद होतं. मोहल्ल्यानं वर्गणी काढून दिराला पाठवलं तर ते सवाबचं काम होईल.

सफर_बखैर

मी २०२३ ला मेहरमशिवायच्या गटातून जाऊन आले. किताबांतलं मला फार कळत नाही, पण तिथलं सांगू शकते.

आमचा पाच बायकांचा कव्हर, म्हणजे एकत्र अर्जाचा गट, होता. मक्केतल्या अजीजियामध्ये आमच्यासारख्यांसाठी वेगळी इमारत, खादिम बाई वेगळी. मजल्यावर सगळ्या बायकाच, त्यामुळे खोलीबाहेर पडताना बुरखा शोधावा लागायचा नाही. याचं सुख किती, ते जिनं मिक्स मजल्यावर दिवस काढलेत तिलाच कळेल. हरमला (काब्याच्या मशिदीला) जायला कुदईला बस बदलावी लागायची. पहिल्या दिवशी आम्ही ठरवून टाकलं: हात सुटला तर कुणी कुणाला शोधायचं नाही, सरळ बाब-ए-फहद, ७९ नंबरच्या दारापाशी जाऊन बसायचं. तवाफची फेरी हिरव्या दिव्यापासून मोजायची. चपला पाठीवरच्या कापडी पिशवीत, बाहेर ठेवायच्याच नाहीत.

चौथ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या, ६६ वर्षांच्या, गर्दीत सुटल्या. आम्ही चौघी ७९ वर पळालो. बघतो तर त्या आधीच येऊन बसलेल्या. शेजारी एक इंडोनेशियाची बाई त्यांना खजूर भरवतेय, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि दोघी रडतायत. मी पण रडले.

आता दुसरी गोष्ट, जी कुणी बोलत नाही. माझी खाला २००० च्या सुमाराला एका खासगी टूरवाल्यामार्फत गेली होती. मेहरम नव्हता. टूरवाला म्हणाला, "चिंता नको, कागदावर भाऊ लावून देतो." तिच्या कव्हरमध्ये एक अनोळखी माणूस भाऊ म्हणून लागला. विमानतळावर पहिल्यांदा त्याचं तोंड पाहिलं. सगळ्या प्रवासात कुणी विचारलं की "हा कोण?" तर "भाई" म्हणायचं. खाला मरेपर्यंत म्हणायची, "मी हजची सुरुवात खोट्यानं केली." नियम पाळल्यासारखा दिसावा म्हणून तिला परक्या माणसाच्या हवाली केलं. आमच्या गटात निदान एक अक्षर खोटं नव्हतं.

शेवंता

सफर_बखैर, तुमचं वाचून डोळे भरले. माझी आजी विधवा होती, एकटी वारीला जायची. एकटी म्हणजे दिंडीतून. घरचा पुरुष कुणी नसायचा, पण वीणेकरी बुवांना आमच्या घरचा पत्ता पाठ होता आणि पंढरपूरपर्यंत रोज रात्री बायकांच्या राहुटीत माणसं मोजली जायची. "भरवशाचा काफिला" वाचल्यावर मला तीच राहुटी दिसली.

तालिब_इल्म

खालांचं ऐकून वाईट वाटलं. कागदी मेहरम हा सरळ धोका आहे आणि आमचे मुफ्तीही त्याला हरामच म्हणतात. त्याचा बचाव कुणी करत नाही.

पण मेहरमचा हेतू फक्त इज्जतीची राखण एवढाच नाही. २०२४ च्या हजमध्ये पारा ५० च्या वर गेला होता, १३०० च्या वर लोक उन्हानं गेले. त्यात बहुतेक नोंदणीशिवाय आलेले होते, ना तंबू ना गाडी. ६१ वर्षांच्या बाईला अरफातच्या उन्हात चक्कर आली तर तिला उचलून कोण नेणार? शेजारीण स्वतः ६५ ची असते. पोटचा मुलगा बरोबर असणं म्हणजे काय, हे त्या वेळी कळतं.

सफर_बखैर

हे शंभर टक्के खरं आहे. म्हणून गटात एक तरी बाई पन्नाशीतली, पायानं धड आणि मोबाइल वापरता येणारी हवीच. आम्हा पाचांत ती मी होते. खाडीकाठ, तुमच्या चौघींत कोण आहे ते आधी बघा. नसेल तर फॉर्म भरू नका, हे मी बहीण म्हणून सांगते. ६५ च्या वरच्यांसाठी सोबतीचे नियम वेगळे असतात आणि दर वर्षी पत्रकात थोडेफार बदल होतात. एजंटचं ऐकू नका, पत्रक स्वतः वाचा.

धुक्यातली

मी ब्रिटनमध्ये राहते, मूळची महाडची. २०१६ मध्ये ब्लॅकबर्नच्या मुस्लिम असोसिएशननं सल्ला दिला होता की बाईनं ४८ मैलांपलीकडे मेहरमशिवाय जाऊ नये. वर्तमानपत्रांत त्यावर गदारोळ झाला. त्या आठवड्यात ऑफिसमधल्या प्रत्येकानं मला विचारलं, "तुला घरी जायची परवानगी आहे ना?" मी रोज ट्रेननं ३५ मैल जाते. मनात हिशोब केला, १३ मैल शिल्लक आहेत. बाहेरचे लोक विचारतात त्याची लाज वाटत होती आणि आतले लोक मैल मोजत बसलेत याचा राग येत होता. तीन दिवसांचा सफर तीन दिवसांचा होता, कारण वाटेत रात्र पडायची, तळ पडायचा, दरोडेखोर यायचे. आज तीन दिवसांत माणूस पृथ्वीला फेऱ्या मारतो.

तालिब_इल्म

इथे सावध राहायला हवं. हदीसमध्ये कारण दिलेलं नाही. "कारण सुरक्षितता होतं, सुरक्षितता आली, हुकूम गेला" असं आपणच ठरवलं तर उद्या कशाचंही कारण काढता येईल. विमानानं कसर नमाज तर कुणी सोडली नाही.

दर्यावर्दी

मग दुसरी हदीस पण समोर ठेवू. बुखारीतच आहे. अदी बिन हातिम, तय कबिल्याचे सरदार, हुजूरांजवळ बसले होते. एकानं गरिबीची तक्रार केली, दुसऱ्यानं वाटमारीची. हुजूर अदींना म्हणाले, "हिरा पाहिलंय?" हिरा म्हणजे इराकातलं शहर, आजच्या नजफजवळ. अदी म्हणाले, पाहिलं नाही, ऐकून आहे. तेव्हा हुजूर म्हणाले, तू जगलास तर बघशील, हौदजमध्ये (उंटावरच्या पालखीत) बसलेली बाई हिराहून निघेल, काब्याचा तवाफ करेल आणि तिला अल्लाशिवाय कुणाची भीती नसेल. अदी सांगतात, "मी मनात म्हटलं, आणि आमच्या तय कबिल्याचे ते लुटारू कुठे जातील, ज्यांनी मुलखाला आग लावलीय?" वाटमारे त्यांच्याच बिरादरीतले होते! पुढे अदींनी तशी बाई डोळ्यांनी पाहिली आणि तसं सांगितलं.

तालिब_इल्म आता म्हणतील, ही भविष्यवाणी आहे, परवानगी नाही. माहीत आहे. तुमचे उस्ताद तसंच शिकवतात आणि तो मुद्दा हलका नाही. पण मी असं बघतो: हुजूर चांगल्या दिवसांची खूण सांगतायत. लुटारूंच्या मुलखातून बाई एकटी निर्धास्त जाईल, हे त्यांनी वाईट काळाचं चिन्ह म्हणून सांगितलं नाही. बाईला घरी बसवून रस्ता सुरक्षित होत नाही. लुटारू हटवून होतो.

तालिब_इल्म

चाचा, माझं वाक्य तुम्हीच लिहून टाकलंत. भविष्यवाणीवरून हुकूम निघत नाही, यावर मी कायम आहे. तसंच हजरत उमर यांनी आपल्या शेवटच्या हजच्या वेळी उम्महातुल मोमिनीनना, म्हणजे पैगंबरांच्या पत्नींना, हजची परवानगी दिली आणि हजरत उस्मान व अब्दुर्रहमान बिन औफ यांना सोबत पाठवलं, हा दाखलाही लोक देतात. त्या साऱ्या उम्मतच्या माता होत्या, कुणाचाच त्यांच्याशी निकाह होऊ शकत नव्हता, म्हणून तो दाखला इतर बायकांना लागत नाही.

पण "लुटारू हटवून होतो" हे मी माझ्या जुम्याच्या बयानात वापरणार आहे. परवानगी असावी.

दर्यावर्दी

खुशाल वापरा बेटा.

नाइट_ड्युटी

मी नर्स आहे, कुवेतला होते, आता नागपुरात. तुमची चर्चा हजची आहे, माझं जगणं रोजच्या प्रवासाचं आहे, म्हणून थोडं बाजूचं लिहिते. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. गाडीत बघा, निम्म्या बायका, त्यात बुरख्यातल्याही भरपूर. कुणी दवाखान्याला, कुणी माहेरी, कुणी परीक्षेला. यातल्या किती जणींनी मुफ्तीला विचारलं असेल? विचारत नाहीत, कारण उत्तर काय येणार ते माहीत असतं आणि जाणं तर भाग असतं. मग आयुष्यभर मनात एक कुसळ राहतं की आपण धर्माच्या कुठेतरी बाहेर आहोत. खाडीकाठ ज्याला काटा म्हणतात ते हेच. माझं कुवेतमध्ये गेलं ते एका इजिप्शियन डॉक्टरबाईमुळे. त्यांच्याकडून कळलं की त्यांच्या देशातले आलिम सुरक्षित वाट असेल तर परवानगी देतात. जानेवारी २०२० मध्ये कैरोच्या अल-अझर या धर्मपीठाच्या परिषदेनंही हे जाहीर निवेदनात घातलं. मी ड्युटीवर होते, बातमी मोबाइलवर वाचली आणि औषधाच्या ट्रॉलीला धरून उभी राहिले. ३४ वर्षांची होते. पहिल्यांदा वाटलं की मी कमावून घर चालवते ते अल्लाला चालतं.

परभणीकर

खाडीकाठ, जावई पण मेहरम आहे असं तुम्हीच वर लिहिलंय. सासूबाईंचे जावई आहेत का? इतकी चर्चा झाली, हे कुणी विचारलंच नाही.

खाडीकाठ

एक आहेत. चांगले आहेत, शाळेत शिक्षक. मी सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लेक दिलीय त्या घरात. आता जावयासमोर पदर पसरू? आणि पैसे कुणाचे? त्याचा खर्च मी द्यायचा तर माझ्याकडं नाही, त्यानं करायचा तर जन्मभर लेकीला ऐकायला लागेल." तरी मी नणंदेशी बोलले. जावयांना रजा मिळत नाही, परीक्षेचा काळ आहे. त्यांनी स्वतः फोन करून सासूबाईंची माफी मागितली.

तालिब_इल्म

परभणीकरांनी योग्य विचारलं आणि जावईबापूंनी योग्य वागून दाखवलं.

तीन दिवस विचार करतोय. जे मला प्रामाणिकपणे सांगता येईल ते लिहितो. हनफी म्हणून विचाराल तर माझं उत्तर तेच राहील. पण बाई मेहरमशिवाय गेली आणि अरकान (हजचे मुख्य विधी) नीट केले तर हज अदा होतो, फर्ज उतरतो, हे आमच्या किताबांतही आहे. प्रवासाचा बोजा वेगळा, हजची कबुली वेगळी. "हजच होत नाही" असं कुणी सासूबाईंना सांगितलं असेल तर ते चूक आहे.

दुसरं. गरजेपोटी हनफी आलिमांनी दुसऱ्या इमामाचं मत घेतल्याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. नवरा बेपत्ता झालेल्या बाईला हनफी मतानं जवळजवळ जन्मभर थांबावं लागायचं. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मत घेतलं, चार वर्षं. पुढे १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा झाला, त्यात तेच आलं. मात्र ते काम त्यांनी एकट्यानं मनाला येईल तसं केलं नाही, इतर आलिमांना विचारून केलं. म्हणून सासूबाईंनी स्वतः, दीर किंवा सुनेनं नव्हे, एखाद्या शाफई आलिमासमोर बसून आपली सगळी हकीकत सांगावी. त्यांनी जे सांगितलं त्यावर अमल केला तर मी त्यांना बोट दाखवणार नाही. माझी आई असती तर मी हेच केलं असतं.

दर्यावर्दी

मुंबईत कोकणी जमातीचे आलिम आहेत, गाठ घालून देतो. तालिब_इल्म, तुमच्या उस्तादांना माझा सलाम सांगा.

जाता जाता एक किस्सा, कारण तो मला फार आवडतो. उम्मे सलमा (पुढे पैगंबरांच्या पत्नी) मक्केहून मदिनेला निघाल्या तेव्हा सासरच्यांनी आणि माहेरच्यांनी मिळून त्यांना नवऱ्यापासून, लेकरापासून तोडलं होतं. वर्षभरानं लेकरू परत मिळालं आणि त्या एकट्याच उंटावर बसल्या. मक्केबाहेर तनईमला उस्मान बिन तल्हा भेटले. तेव्हा ते मुसलमानही नव्हते. विचारलं, सोबत कोण? म्हणाल्या, अल्ला आणि हे लेकरू. उस्माननी उंटाची वेसण धरली. मुक्काम आला की उंट बसवायचे आणि दूर जायचे. त्या उतरल्या की येऊन सामान उतरवायचे, उंट झाडाला बांधायचे आणि स्वतः लांबच्या झाडाखाली आडवे व्हायचे. निघायची वेळ झाली की खोगीर चढवून पुन्हा मागे सरायचे. असं करत मदिनेजवळच्या कुबापर्यंत आणलं, गाव दाखवलं, आणि उलट्या पावली मक्केला गेले. उम्मे सलमा म्हणायच्या, असा शरीफ सोबती अरबांत दुसरा पाहिला नाही.

शेवंता

उंट बसवायचे आणि दूर जायचे. हे वाक्य मी आज मुलाला वाचून दाखवलं.

खाडीकाठ

सर्वांना सलाम. उशीर झाला, पण कळवायला आले.

मागच्या रविवारी सासूबाई पुण्याला आल्या, एकट्या, रात्रीच्या गाडीनं. सोमवारी आम्ही दोघी मुंबईला गेलो. दर्यावर्दी चाचांनी गाठ घालून दिलेल्या मौलाना साहेबांनी पाऊण तास ऐकून घेतलं. त्यांनी प्रश्न सासूबाईंनाच विचारले, मला नाही. सोबतच्या बायका कोण, किती वर्षांची ओळख, पैसे कुणाचे, कर्ज आहे का, मुलं नाराज आहेत का. शेवटी म्हणाले, "अम्मा, फर्ज हज आहे, सोबत भरवशाची आहे, वाट अमनची आहे. आमच्या इमामांच्या मतावर जा. मुलाला मात्र रुसलेला सोडून जाऊ नका." हे ऐकून सासूबाई कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

दिराशी बोलायला मी घाबरत होते. सासूबाईंनी स्वतः तालिब_इल्म यांचा शेवटचा प्रतिसाद त्याला वाचायला लावला. तो म्हणाला, "मला अजून पटत नाही, पण मी अडवणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी फोटो काढायला त्यानंच रिक्षातून नेलं, पांढऱ्या बॅकग्राउंडचा लागतो तो.

सफर_बखैर, तुमच्या सांगण्यावरून गटात पाचवी घेतली. ५२ वर्षांच्या आहेत, अंगणवाडीत काम करतात, रोज चार किलोमीटर चालतात. ७९ नंबर मी सासूबाईंकडून पाठ करून घेतलाय. त्या आता येता जाता "उन्नाशी" म्हणतात.

काल रात्री फॉर्म भरला. रेशन कार्ड, गॅसचं कनेक्शन, घरपट्टी, सगळीकडे आधी सासऱ्यांचं नाव होतं, मग मुलांचं. कव्हर हेडच्या रकान्यात कुणाचं नाव घालायचं म्हणून मी पाचही जणींना फोन लावला. चौघींनी सासूबाईंचं नाव सांगितलं. सासूबाईंनी मला अक्षरं एकेक करून टाइप करायला लावली आणि दोनदा वाचून घेतली.

यादी लागली की इथेच लिहिते. दुआमध्ये याद ठेवा.